बदकाच्या शिक्क्याची पोच

सोलापूर जिल्ह्यात साहेब बसतो असं एकही टेबल नसेल, ज्याच्यावर माझ्या आत्याचा अर्ज येऊन पडला नाही. हे मी वाढवून सांगत असेन, तर थोडंच. आत्या सातवी शिकलेली. डावा पाय पोलिओचा, त्याला लोखंडी पट्ट्यांचा बूट, हातात काठी आणि खांद्याला कापडी पिशवी. बाकीच्या बायकांच्या पिशवीत पाण्याची बाटली असते. आत्याच्या पिशवीत आखीव कागद, कार्बन, दोन पेनं आणि अपंगत्वाच्या दाखल्याच्या झेरॉक्स. पाणी ती कुणाकडूनही मागून पिते. कागद मात्र स्वतःचा.

तिच्या अर्जात दया, विनंती, उपकार असले शब्द नसतात. 'महोदय' म्हणायचं, अडचण सांगायची, उपाय सांगायचा आणि खाली लिहायचं, 'पोच मिळावी.' अर्ज मिळाल्याची सही आणि शिक्का दुसऱ्या प्रतीवर उमटल्याशिवाय ती जागची हलत नाही. "पोच न्हाय तर अर्ज दिला काय आन् वाऱ्यावर सोडला काय," हे तिचं म्हणणं. एसटीची पायरी उंच म्हणून आगारात अर्ज, देवळाच्या पायऱ्यांना कठडा नाही म्हणून ग्रामपंचायतीत अर्ज, हे एक वेळ समजू शकतं. पण चुलतभावाच्या मुलीच्या लग्नात खाली पंगतीला बसता येणार नाही, सबब टेबल-खुर्ची मिळावी, असा अर्ज तिनं आठ दिवस आधी त्या भावाच्या हातात ठेवला होता. आमच्या घरच्या मोरीचा उंबरा उंच होता, तर तिनं माझ्या वडिलांना, म्हणजे सख्ख्या भावाला, लेखी कळवलं. वडील चिडले. "अगं, तोंडानं सांग की!" आत्या शांतपणे म्हणाली, "तोंडानं सांगून तीन वर्सं झाली, दादा. घे, सही कर." वडिलांनी सही केली. आठवड्यात उंबरा फुटला.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. उजनीच्या पाण्याकाठी केळी आणि ऊस बघत वाढलेल्या आमच्या घरात कॉलेजचा दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वसतिगृहाचा अर्ज आत्यानंच लिहिला. कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती. ती खाली बसून राहिली आणि 'पायऱ्या चढणे शक्य नाही, तरी संबंधितांनी खाली यावे' अशी चिठ्ठी तिनं माझ्याकडून वर पाठवली. संबंधित खाली आले. शिक्का घेऊन आले! लोक विचारतात, एवढी शिकलीस कशी? मी सरळ सांगते, आत्याच्या अक्षरानं.

आता मी नोकरीला आहे, सोलापुरातल्या जुळे सोलापूर भागात राहते, आणि आत्या माझ्याकडे असते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिला विचारलं, कुठं जायचं? देव-धर्म म्हणेल असं वाटलं. ती म्हणाली, "मला आकाशपाळण्यात बसायचंय. ल्हानपणापास्नं प्रत्येक जत्रंत पाळणेवाला म्हणायचा, तुला न्हाय जमायचं. साठी आली की गं माझी."

म्हणून आम्ही पुण्याच्या रस्त्यावरच्या एका मोठ्या पार्कात गेलो. पाळण्याला रांग तासाभराची. आत्याला दहा मिनिटांच्या वर उभं राहवत नाही. मी म्हटलं, "तू बाकावर बस, मी उभी राहते." तिनं ऐकलं नाही. सरळ चौकशीच्या खिडकीवर गेली. टोपी घातलेली एक मुलगी होती, बिचारी चांगली होती. म्हणाली, "आजी, रांगेत बसायची सोय नाही. व्हीलचेअरवर बसा, मागच्या दारानं थेट पुढं नेते."

"मला पुढं घुसायचं न्हाय, बाय. पुढं घुसलं की मागची मान्सं माजा पाय बघत्यात. मला माजा नंबर पायजे. फकस्त उभं न्हाय ऱ्हायचं."

"मग या ताई उभ्या राहतील की तुमच्यासाठी."

"ही हाय म्हणून. जी एकटी आली तिनं काय करायचं?"

 मागे माणसं जमायला लागली. मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू. मी हळूच म्हटलं, "आत्या, आज सुट्टीचा दिवस आहे." ती म्हणाली, "व्हय, म्हणूनच आखीव कागद आणलाय." आणि खिडकीच्या फळीवर कार्बन घालून लिहायला बसली. आमच्या गावात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचा टँकर आला की माणसं सावलीला बसतात आणि रांगेत घागरी उभ्या राहतात. घागर सरकेल तसा नंबर सरकतो, भांडण होत नाही. तीच पद्धत तिनं मागितली. 'सबब माझी पिशवी रांगेत राहील व मी बाकावर बसेन. पोच मिळावी.'

मुलीनं अर्ज दोनदा वाचला. "आजी, आमच्याकडे असला शिक्का नसतो."

"मग ह्यो काय?" आत्यानं काठीनं दाखवलं. बाहेर जाऊन परत येणाऱ्यांच्या मनगटावर मारायचा शिक्का होता तो. त्यावर बदक.

"तो मुलांच्या हातावर मारतो आम्ही."

"कागदावर उमटत न्हाय का?"

उमटला. जांभळं, हसरं बदक. आत्यानं त्याच्याखाली मुलीची सही घेतली, प्रत घडी घालून पिशवीत ठेवली आणि मला पिशवी रांगेच्या शेवटी नेऊन ठेवायला लावली. पुढे कॉलेजची पोरं होती, मागे एक कुटुंब. त्यांना मी खिडकीकडे बोट दाखवून सगळं सांगितलं. आधी हसले. मग रांग सरकली तशी मागच्या बाईनं पिशवी उचलून पुढं ठेवली. थोड्या वेळानं पोरंच ओरडायला लागली, "ए, आजींना सरकवा रे!" एकानं मधे घुसायचा प्रयत्न केला, तर त्या बाईनं त्याला सुनावलं, "दिसत न्हाय का, आजी उभ्या हैत हितं?" आत्या बाकावर बसून शेंगदाणे खात होती.

पिशवी पोचली, आत्या उठली. आणि पाळणेवाला म्हणाला, "आजी, पायाला लोखंड आहे. तुम्हाला नाही जमायचं."

मी आत्याकडं बघितलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा तिचा चेहरा लहान झालेला दिसला. क्षणभरच. मग ती 'यांनी बसू नये' अशा पाटीजवळ गेली आणि मोठ्यानं वाचू लागली: हृदयविकार, गरोदरपण, उंची. "ह्यात पाय कुटं हाय?" पाळणेवाल्यानं पाटी वाचली. पुन्हा वाचली. आधी चढलेली कॉलेजची पोरं वरून ओरडली, "बसवा की आजींना!" त्यानं पाळणा पूर्ण थांबवला आणि हात पुढं केला.

वर गेल्यावर आत्या बोलली नाही. आत्या आणि गप्प! मला वाटलं, घाबरली. मी तिचा हात धरला. पाळणा शेंड्यावर थांबला, तेव्हा ती खाली बघत म्हणाली, "आई मला चौथीपत्तर कडंवर घिऊन शाळंत न्यायची. तिच्या कडंवरनं अशीच दिसायची समद्यांची डोकी." मग म्हणाली, "ती गेल्यावर मी लई खालनं बगत आले गं."

 पाळणा खाली येऊन थांबला तेव्हा पाळणेवाला स्वतःहून म्हणाला, "आजी, बसा, आणखी एक फेरी मारा."

आत्याच्या दोन्ही हातांनी समोरची दांडी धरली होती. तिनं रांगेकडे बघितलं.

"नको," ती म्हणाली, "मान्सं उभी हायती." पण दांडी सोडायला तिला जरा वेळ लागला.