बल्गेरियाचं विरजण

हिंदी शिकायला सगळ्यात गैरसोयीचं गाव कोणतं, याचा कुणी अख्खा भारत फिरून शोध घेतला असता तर तो शेवटी पनवेललाच येऊन थांबला असता. आमच्या भाडेकरणीला ते घरबसल्या सापडलं. कॉलेज मुंबईत, वर्ग आठवड्यातून तीनच दिवस आणि नकाशात पनवेल मुंबईला अगदी चिकटून दिसतं, एवढ्या भांडवलावर ती बल्गेरियाहून निघाली आणि आमच्या गच्चीवरच्या खोलीत येऊन थडकली. सामान दोन बॅगा. एकीत नुसते शब्दकोश. दुसरीत कपड्यांच्या मधोमध जपून ठेवलेला एक कडक वाळलेला हातरुमाल. तो म्हणे तिच्या आजीने दह्यात बुडवून सावलीत वाळवला होता. पहिल्याच संध्याकाळी तिने तो कोमट दुधात भिजत घातला आणि सकाळी पाहतो तर दही लागलेलं! घरात मी आणि आई दोघंच. आम्ही आळीपाळीने त्या वाटीचा वास घेतला आणि खाली आलो.

खरी ठिणगी पडली ती दुपारी. आईने पाहुणचार म्हणून घरचं दही वाढलं. आमच्या नात्यागोत्यात आईच्या दह्याला नाव ठेवायची कुणाची टाप नाही. या बाईंनी एक चमचा खाल्ला, डोळे मिटले आणि पुस्तकी हिंदीत निकाल दिला, "क्षमा कीजिए माताजी, यह दही नहीं है। यह दही का विचार है।" त्यानंतर पंधरा दिवस आई तिच्याशी कामापुरतंच बोलली. माझ्याशी मात्र पुष्कळ बोलली. "राहायला आलीय की परीक्षक म्हणून आलीय? काल आली आणि मला दही शिकवते!"

तिला हिंदी ऐकायचं होतं आणि गावात ते कुणी तिला ऐकवायला तयार नव्हतं. गोरा चेहरा दिसला की पनवेलकराला इंग्रजी फुटतं आणि जीव लागला की तो सरळ मराठीत शिरतो. मधलं हिंदीचं स्टेशन लागतच नाही. इंग्रजीवर तिने जालीम उपाय काढला होता. ते कानावर पडलं की ती दोन्ही कानांत बोटं घालून हसतमुखाने उभी राहायची. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी तिच्या स्वागताचं भाषण इंग्रजीत लिहून आणलं होतं. दोन्ही पानं त्यांनी त्या बोटांसमोर वाचली आणि वर टाळ्याही घेतल्या. बाजारात जाऊन ती म्हणायची, "क्या आप मुझे आधा किलो भिंडी देने का कष्ट करेंगी?" त्यावर भाजीवाली मावशी, "कष्ट कसलं गो बाय, घे ना! वर कोथिंबीर देव का?" जवळच्या नेरे गावाहून दूध घालायला येणाऱ्या दादांना तर ती रोज जिन्यात गाठून म्हशींची खुशाली हिंदीत विचारायची. ते बिचारे एक दिवस हात जोडून म्हणाले, "ताय, दूध म्हशीचं हाय, पानी नाय घातलेलं. पन हिंदी आमाला नाय येत." तिने तेही वहीत लिहून घेतलं. त्यांना जाताना वाटीभर विरजण दिलं. महिन्याभरात नेऱ्यातल्या तीन घरांत बल्गेरियाचं दही लागू लागलं.

वर्षअखेरीला तोंडी परीक्षा होती. पास झाली तर पुढच्या वर्षासाठी लखनौ, नापास झाली तर शिष्यवृत्ती बंद आणि थेट घर. लिहायला ती पहिल्या नंबरची. पण समोर परीक्षक बसला की तिचा आवाजच निघत नसे. सराव परीक्षेत दोनदा तसं झालं. दुसऱ्यांदा ती आमच्या जिन्यात बसून रडली आणि आईचा उरलासुरला राग विरघळला तो तिथेच. आईचं हिंदी मालिका बघून कमावलेलं. तेवढ्यावर तिने रोज दुपारी शिकवणी सुरू केली. समोर गवारीची परडी, शिरा काढता काढता प्रश्न. "बेटी, बताव, तुम्हारे गाव में सास कैसी होती है?" व्याकरणाची हाडं खिळखिळी होत होती, पण पोरगी घडाघडा बोलायला लागली.

परीक्षेच्या सकाळी ती बसला निघाली. चेहरा पांढराफटक. आईने तिला दारात थांबवलं आणि कामाला निघालेल्या माणसाच्या हातावर ठेवतात तसं साखर घातलेलं दही तिच्या तळहातावर ठेवलं. तिने ते चाटलं आणि थबकली. आईकडे पाहिलं, पुन्हा चाटलं. ते तिच्या आजीचं दही होतं! नेऱ्याच्या दादांकडून वाटीभर मागवून आई गणपतीपासून गुपचूप तेच विरजण लावत होती आणि चार महिने मीही ते आईचं म्हणून खात होतो. "माताजी!" म्हणून तिने दह्याच्या हाताने आईला मिठी मारली. आई म्हणाली, "जाव, बस छूटेगी. और वो मास्तर को घाबरना नहीं." आईच्या साडीवर पाच बोटं उमटली होती. ती साडी तिने संध्याकाळपर्यंत बदलली नाही.

परीक्षकांनी विचारलं, पनवेलमध्ये काय शिकलात? ती दह्यावर वीस मिनिटं बोलली. शेवटी त्यांनीच हात जोडून थांबवलं. पास झाल्याचा फोन आला तेव्हा आईने मला पेढे आणायला पिटाळलं. पेढे घेऊन येतो तर आई गच्चीवरच्या खोलीच्या दारात नुसती उभी. म्हणाली, "अरे, पास झाली म्हणजे जाणारच की. दही मीच दिलं ना तिला."

पनवेलहूनच उत्तरेला जाणारी गाडी होती. निघताना आईने माझा एक चांगला हातरुमाल दह्यात बुडवून, सावलीत वाळवून तिच्या बॅगेत ठेवला. आजीचा रुमाल तिने आईकडे ठेवला, "संभालकर रखिए" म्हणून. आता रविवारी तिचा फोन येतो. आई हिंदीत बोलते, ती मराठीत उत्तरं देते आणि दोघींचं उत्तम चालतं. रोज संध्याकाळी विरजण लावताना आई अजून तीन वाट्या लावते. तिसरी कुणासाठी, हे मी विचारत नाही. सकाळी ती मीच खातो आणि दही फार छान लागतं.