उंटाच्या जागी नंदी

आज सहा जानेवारी. वर्ध्याच्या फ्लॅटमध्ये संक्रांतीसाठी तीळ भाजायला घेतले आणि त्या खमंग वासानं मी थेट नाचणगावच्या लहानपणीच्या घरात जाऊन पोचले.

आठवला तो दिवसही सहा जानेवारीचाच, आम्हा ख्रिस्ती लोकांच्या प्रकटीकरणाच्या सणाचा होता. ताऱ्याच्या मागं बाळ येशूला भेटायला आलेले तीन ज्ञानी आणि त्यांचे मातीचे उंट आई या दिवशी नाताळात सजवलेल्या गव्हाणीजवळ मांडायची. एक उंट माझ्या हातून फुटला आणि मी भोकाड पसरलं. शेजारच्या कमलकाकू तिळाचे लाडू घेऊन उघड्या दारातून आत आल्या.

"काऊन रडून राह्यली वं?"

कारण कळताच त्या घरी गेल्या आणि तान्ह्या पोळ्याला लहान मुलं मिरवतात तो लाकडी नंदी घेऊन आल्या. त्याच्या कपाळावर अजून कुंकू होतं.

"आमचा नंदी चालंन का तुमच्या देवाले?" त्यांनी दबकतच विचारलं.

आई म्हणाली, "ताऱ्यामागं आले ते बी परजातीचेच होते, बाई. तुमच्याच हातानं ठेवा."

काकू कुंकू पुसायला गेल्या, ते आईनं पुसू दिलं नाही.

आता दोघीही नाहीत. माझ्या गव्हाणीजवळ तिन्ही उंट धड आहेत. दार सताड उघडं ठेवून मी तीळ भाजतेय.