वहीतलं खोटं नाव
फिनेलचा वास आला की मला रत्नागिरीच्या दवाखान्यातलं ते बाकडं आठवतं. पोर सहा महिन्यांचं, तापानं फणफणलेलं, नवरा मुंबईला, आणि मी पहिल्या एष्टीनं धापा टाकत आलेली. दारात एक गोरी पोरगी घड्याळ नि वही घेऊन सगळ्यांची नावं लिहीत होती. "घाबरू नको गो," नर्सबाई म्हणाल्या, "परदेशातनं शिकायला आलेय. माणसं किती वेळ ताटकळतात ते लिहिते. पुढे हॉस्पिटल चालवायचंय तिला." शेजारची म्हातारी म्हणाली, "आमचं ताटकळणं शिकायला इतक्या लांब आली काय ही?" मला मात्र वाटलं, आजारी पोराचं खरं नाव परक्या माणसाला दिलं तर नजर लागेल, म्हणून मी धोंडू सांगून टाकलं. तिच्याच यादीवरनं कंपाउंडर आत बोलवायचा. "धोंडू! धोंडू आहे का?" तो दोनदा ओरडला, नि मी आपली पोराकडे बघत बसलेली, घाबरून सांगितलेलं नाव डोक्यातनं पार गेलेलं. माझ्या मागनं आलेल्या बाया आत जाऊन आल्या. पोराचं रडणंही थांबलं, तशी मी त्याचे गाल थोपटायला लागले. तेवढ्यात ती पोरगी वहीतल्या धोंडूवर बोट ठेवत उठली, मला घड्याळ दाखवलं, नि दंडाला धरून सरळ डॉक्टरांसमोर उभं केलं. डॉक्टरांनी सुई दिली, दुपारी घाम सुटून ताप उतरला, पोरानं दूध ओढलं, तेव्हा कुठं मला नीट श्वास आला. आता तो शाळेत खऱ्या नावानं हजेरी देतो, पण ताप आला की मी त्याला अजून धोंडूच म्हणते.