लॉर्डांच्या वंशावळी, तेविसावा मजला

आमच्याकडे फाईल बंद झाली की ती लोखंडी कपाटात जाते. किस्सा मात्र जेवणाच्या टेबलावरच राहतो. नऊ वर्षांत कपाटं तीन झाली, आणि टेबलावर डबा ठेवायला जागा उरली नाही, असं आमचे सरदेशमुख म्हणतात.

ऑफिस जुमेरा लेक टॉवर्समध्ये, तेविसाव्या मजल्यावर. काम असं, की इंग्लंडातल्या बड्या घराण्यांच्या वंशावळी शोधायच्या. दुबईत इंग्रज भरपूर, आणि घरापासून लांब आलं की प्रत्येकाला आपला खापरपणजोबा कोण होता हे शोधायची हुक्की येते. शिवाय लंडनचे वकील केसेस पाठवतात. अमुक साहेब वारले, मुलगा नाही, किताबाचा वारस आखातात कुठेतरी आहे म्हणतात, शोधा. मग आम्ही जन्माचे, लग्नाचे, मृत्यूचे दाखले जमवतो. वसईत माझ्या सासूबाईंना कोणी विचारलं की सून तिकडे काय करते, तर त्या सांगतात, "मेलेल्या माणसांची लग्नं तपासते."

ऑफिसात आम्ही तिघंच. मी ग्रेसी, कागदपत्रं माझ्याकडे. सरदेशमुख पुण्याचे, अल बर्शात राहतात, वंशवृक्ष ते काढतात. आणि आमचे बॉस मिस्टर एडमंड, जे स्वतःच एका व्हायकाउंटचे, म्हणजे लॉर्डाचेच, तिसरे चिरंजीव. किताब, घर, जमीन, सगळं थोरल्या भावाला. तिसऱ्याला नावाआधी 'ऑनरेबल' लावायची मुभा, तीही फक्त पाकिटावर. तोंडाने म्हणायचं नसतं.

*

त्या पाकिटापासूनच सुरुवात करते.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. बॉसच्या वडिलांच्या वकिलाकडून कुरिअर आलं. पत्त्यात 'ऑनरेबल' पूर्ण लिहिलेलं नव्हतं, 'हॉन' एवढंच. खालून सिक्युरिटीचा फोन आला, "मॅडम, आपके यहाँ मिस्टर हॉन कौन है?"

मी म्हटलं, असं कोणी नाही.

"चायनीज होगा," तो म्हणाला. "आपके ऊपरवाले फ्लोअर पे भेज देता हूँ."

पार्सल चोविसाव्या मजल्यावर गेलं. तिथे खरोखरच एक मिस्टर हॉन निघाले. त्यांनी सही करून ते घेतलं आणि उघडलंही. आत बॉसच्या आजोबांचा जुना फोटो होता, लाल कोट, कमरेला तलवार. दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्टर हॉन स्वतः जिना उतरून फोटो परत द्यायला आले. फार सभ्य माणूस. म्हणाले, "मी घरी बायकोलाही दाखवला. आम्ही दोघांनी बराच विचार केला, पण हे आमच्यातले कोण ते आठवेना."

*

एक गृहस्थ आले, आपल्याकडचेच, नाशिकचे. लॉजिस्टिक्समध्ये चांगल्या पोस्टवर. त्यांनी इंटरनेटवरून स्कॉटलंडमधली एक चौरस फूट जमीन विकत घेतली होती आणि तिच्याबरोबर 'लॉर्ड' ही पदवी आली होती. सर्टिफिकेट फ्रेम करून आणलं होतं. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या नावाआधी लॉर्ड लिहायचं, तर त्यावर आमचा शिक्का हवा होता.

सरदेशमुखांनी सर्टिफिकेट नीट वाचलं. मग शांतपणे सांगितलं, की ही भेटवस्तू आहे. अशाने कोणी लॉर्ड होत नाही.

"म्हणजे मी लॉर्ड नाही?"

"नाही."

"निदान जमीनदार?"

"त्या तुकड्याची तुमच्या नावावर नोंदही होत नाही."

ते गृहस्थ थोडा वेळ फ्रेमकडे बघत बसले. मग हळूच म्हणाले, "सहा महिने झाले, मी मिसेसला लेडी म्हणून हाक मारतो. ती ओ देते."

"ते चालू ठेवा," सरदेशमुख म्हणाले. "त्याला हरकत घेणारं कोणतंही खातं नाही."

*

एका इंग्रज बाईंची पक्की खात्री होती, की त्या एका ड्यूकच्या वंशातल्या. पुरावा म्हणून त्यांनी चांदीच्या रंगाचं एक बटण आणलं होतं. त्यावर मुकुट कोरलेला. आजीने मरताना हातात दिलं आणि सांगितलं होतं, तुझा खापरपणजोबा ड्यूकच्या घरी वाढला.

सरदेशमुखांनी बटण बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. असली बटणं नोकरांच्या गणवेशाला असतात. दोन महिन्यांनी जनगणनेचा कागद सापडला. खापरपणजोबा ड्यूकच्या घरीच होते. कोचमन म्हणून.

आता हे कळवायचं कसं? पत्र बॉसनी स्वतः लिहिलं. 'आपले खापरपणजोबा आयुष्यभर ड्यूकच्या वास्तूत राहिले. त्यांच्यावाचून ड्यूक घराबाहेर पडत नसत.'

पत्र मिळताच बाईंचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "म्हणजे ते ड्यूकचा उजवा हात होते?"

बॉस खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "दोन्ही हात, मॅडम. लगाम दोन्ही हातांत धरावे लागतात."

मला वाटलं, बाईंनी फोन ठेवला. मग त्यांनी विचारलं, "घोड्यांची नावं मिळतील का?"

मिळाली. तीही आम्ही वंशवृक्षात खाली घातली.

*

सरदेशमुखांची मुलगी आर्या, दहा वर्षांची, सुट्टीत ऑफिसात येऊन बसते. शाळेत फॅमिली ट्रीचं प्रोजेक्ट होतं. मराठीत विचारलं तरी ती इंग्रजीतच बोलते. तिने विचारलं, सरदेशमुख हे नाव आहे की टायटल?

"टायटलच होतं," सरदेशमुख म्हणाले. "वतन होतं आपल्याकडे."

"सो यू वर अ लॉर्ड?"

"मी नाही गं. पूर्वज. मग सरकारने वतनं खालसा केली."

"खलास?"

"खलास नाही. खालसा."

"सेम थिंग, बाबा," ती म्हणाली आणि प्रोजेक्टमध्ये तसंच लिहिलं.

बॉस हे ऐकत होते. त्यांनी विचारलं, की मग हे टायटल चालत कसं आलं? थोरल्याकडे?

"नाही," सरदेशमुख म्हणाले. "वाटण्या व्हायच्या, पण नाव सगळ्या भावांना."

"तिसऱ्यालासुद्धा?"

"सातवा असता तर त्यालाही."

बॉस उठून खिडकीपाशी गेले. खाली तळ्याच्या कडेने माणसं फिरत होती. तिथूनच ते म्हणाले, "आमच्याकडे थोरल्या भावाचं लग्न झालं त्या दिवशी मला माझी खोली रिकामी करायला सांगितली. मी बावीस वर्षांचा होतो." मग त्यांनी आर्याच्या प्रोजेक्टमधली एक स्पेलिंगची चूक दुरुस्त करून दिली.

*

आणि ही अबूधाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीची गोष्ट.

इंग्लंडात एक बॅरोनेट वारले. बॅरोनेट म्हणजे असा माणूस, की त्याच्या नावाआधी 'सर' लागतं आणि तो गेला की ते मुलाला लागतं. यांना मुलगा नव्हता. हक्क पोचत होता एका चुलतभावाकडे, जो तरुणपणी इंजिनिअर म्हणून अबूधाबीला आला होता. शोधल्यावर कळलं, तोही चार वर्षांपूर्वी वारला. त्याची बायको हयात होती, निवृत्त नर्स, आणि दोन मुलगे. बायको वसईची. म्हणून मला पाठवलं.

व्हिला दोन भागांत वाटलेला. खाली थोरला मुलगा मार्टिन आणि आई, वर धाकटा नेविल. मार्टिन जवळच मुसाफाच्या कारखान्यांच्या भागात एसी मेंटेनन्सचा सुपरवायझर, नेविल हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. मी गेले तेव्हा दोघंही कामावर होते. मावशींनी चहा केला, माझं गाव विचारलं, माझ्या आत्याला ओळखत होत्या. मी सगळं समजावलं आणि लग्नाचा दाखला मागितला.

त्या आत जाऊन दाखला घेऊन आल्या, पण हातात दिला नाही. मांडीवर पालथा ठेवला.

"बाय, मार्टिन आधी झाला," त्या म्हणाल्या. "लग्न नंतर. ते इकडे होते, मी वसईला आईकडे. रजा मिळून ते येईपर्यंत बाळ तीन महिन्यांचं होतं."

नियम मला पाठ होता. लग्नाआधी जन्मलेल्या मुलाला किताब नाही, आईबापांनी नंतर लग्न केलं तरी नाही. म्हणजे 'सर' व्हायचा तो नेविल. आणि तो का झाला, थोरला का नाही, हे जगजाहीर होणार.

"मार्टिनला माहीत नाही," मावशी म्हणाल्या. "नेविललाही नाही. सारख्या कपड्यांत वाढवले मी दोघांना. आता या वयात मी त्यांना हे सांगू?"

मी म्हटलं, मावशी, किताब घ्यायची कोणावर सक्ती नसते. पण मुलांना न विचारता मी फाईल बंद करू शकत नाही.

"विचार मग," त्या म्हणाल्या. "पण दाखल्याचं बोलू नको."

असं कसं विचारायचं ते मला सुचेना. त्याआधीच, दोन दिवसांनी, नेविल स्वतः ऑफिसात आला. आईने पाहुणी कशाला आली होती ते अर्धवट सांगितलं होतं आणि बाकीचं त्याने इंटरनेटवर वाचलं होतं. दार लावून घेऊन तो म्हणाला, आईच्या व्हिसाचे पेपर मीच करतो. लग्नाचा दाखला चार वर्षांपूर्वीच बघितलाय. तारीख मला कळते.

"मी किताबाच्या अर्जावर सही केली नाही तर काय होईल?" त्याने बॉसना विचारलं.

"काहीच नाही," बॉस म्हणाले. "किताब तसाच पडून राहील."

"आणि मार्टिनला कारण सांगावं लागेल?"

"आमच्याकडून नाही."

"मग खलास. पडून राहू दे. मम्मीला सांगू नका की मला माहीत आहे."

तो गेल्यावर सरदेशमुखांनी वंशवृक्षाचा कागद उघडला आणि परत मिटला.

पुढच्या गुरुवारी मार्टिन आला. आईने त्यालाही अर्धवटच सांगितलं होतं. कामावरूनच आला होता, शर्टावर ग्रीसचे डाग. खुर्चीवर नीट बसायला तयार नव्हता, खुर्ची खराब होईल म्हणून. मी मनात वाक्यं जुळवत होते, तेवढ्यात तोच बोलला.

"माझ्या लग्नाच्या वेळी वसईच्या चर्चमधून पेपर मागवले होते," तो म्हणाला. "माझा बाप्तिस्मा आणि मम्मी-डॅडींचं लग्न, दोन्ही एकाच पाकिटात आले. तेव्हापासून मला माहीत आहे. बारा वर्षं झाली. मला कळलंय हे मम्मीला आणि नेविलला माहीत नाही, आणि कळायला नको."

आम्हा तिघांना एकमेकांकडे बघायचीही सोय नव्हती.

"पण नेविलचं नुकसान नको," तो म्हणाला. "त्याला हवं असेल तर मिळू दे. मला फक्त एवढंच बघायचं होतं, की ते कसं वाटतं. काय म्हणायचं त्याला? सर नेविल?"

"सर नेविल," बॉस म्हणाले.

मार्टिनने ते एकदा हळू आवाजात म्हणून बघितलं. मग आणखी एकदा.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. स्क्रीनवर नेविलचं नाव होतं. घरी सगळे जेवायला थांबले होते आणि तो कुठे आहे, असं पलीकडून विचारत होते. आवाज आम्हालाही ऐकू येत होता.

"मुसाफात," मार्टिन म्हणाला. "टायर बदलतोय. निघालोच." मग जरा थांबून म्हणाला, "यस, सर. कमिंग, सर."

फोन कट झालाय का म्हणून मार्टिनने स्क्रीन बघितली. कट झाला नव्हता.

मग नेविलचा आवाज आला, "ये लवकर. तुझ्याशिवाय मम्मी वाढत नाही."