मलम न लावणाऱ्या वहिनी

गेम सुरू करायच्या आधी छायावहिनी मनगटावरचं घड्याळ काढून टीव्हीशेजारी पालथं ठेवायच्या. नर्सचं घड्याळ म्हणजे साधी गोष्ट नव्हे. नाडी त्याच्यावर, सलाईनचे थेंब त्याच्यावर आणि घरी आल्यावर बाबांची कूस बदलायची वेळही त्याच्यावरच. ते पालथं पडलं की आम्ही समजायचो, आता या बाईला तासभर काही विचारायचं नाही. मग त्या ओढणी कमरेला बांधून सतरंजीवर मांडी घालायच्या आणि पुढच्या खोलीकडे कान देऊन विचारायच्या, "रिलीव्हर आला का जी?"

हा शब्द मूळचा दादाचा. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, वहिनींचा नवरा. तो खापरखेड्याच्या वीज केंद्रात पॅनेलवर बसतो. पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन खुर्चीत बसल्याशिवाय तिथे कुणी उठायचं नाही. त्या येणाऱ्या माणसाला रिलीव्हर म्हणतात. तो आला नाही, तर शिफ्ट संपली तरी बसून राहायचं, मग घरी लग्न असो की कुणाचं बारसं. वहिनींनी हा शब्द बाबांच्या झोपेला लावला. लकवा मारल्यापासून माझे वडील पुढच्या खोलीत खाटेवर असत, आई आधीच गेलेली. पहाटे बाबांचं आवरून वहिनी खासगी दवाखान्यात सकाळच्या ड्युटीला जायच्या, मधल्या वेळी शेजारीण लक्ष ठेवायची, आणि दुपारी त्या घरी आल्या की बाबा पुन्हा त्यांच्याकडे. बाबांचा डोळा लागला की त्या म्हणायच्या, "आला रिलीव्हर. लावा आता."

टीव्हीला जोडून खेळायचा हा गेम दादाने आणला होता. चार जणांची टोळी जंगलं, गुहा, पडके किल्ले पालथे घालत डोंगराखालच्या ड्रॅगनपर्यंत जाते, एवढीच त्याची गोष्ट. पण सुरुवातीला प्रत्येकाने आपण कोण व्हायचं ते निवडायचं असतं आणि एकदा निवडलं की तो डाव संपेपर्यंत माणूस तिथेच अडकतो. त्यांची इंग्रजी नावं आमच्या घरात टिकली नाहीत. पुढे उभा राहून मार खातो तो ढालवाला. लांबून आग फेकतो तो जादूगर. बाण सोडतो तो तिरंदाज. आणि सगळ्यांच्या मागे राहून जखमा बऱ्या करते ती सिस्टर.

दादाने जादूगर घेतला. कामावर तो बॉयलरपासून दूर, काचेआड बसून बटणं दाबतो. घरी येऊनही त्याला तेच आवडावं याचं मला नवल वाटलं नाही. मी तिरंदाज. कळमन्याच्या बाजारात सकाळी एका अडत्याकडे बोलीच्या वेळी मी उभा असतो, तिथल्या धक्काबुक्कीने माझं मन भरतं. त्यानंतर कुणाच्या फार जवळ जाऊ नये असंच मला वाटतं. राहिल्या वहिनी. दादाने विचारण्याची तसदीही घेतली नाही.

"तू सिस्टर घे वं. तुझंच तर काम आहे."

"नाही."

"काहून?"

"सकाळपासून तेच करून राहिली ना मी. घरी आली तरी तेच. आता टीव्हीत बी तेच करू का? मले ढाल द्या. मार खाईन, पण मलम लावणार नाही."

दादा हसला. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी ढाल घेतली, आणि सिस्टरचं काम आम्ही मशीनवर सोडलं.

वहिनींची अंगकाठी बारीक, चालणं भराभर, बोलणं हळू. त्या बाईने पडद्यावर जो धुमाकूळ घातला तो पाहण्यासारखा होता. आरडाओरडा नाही, उड्या नाहीत. राक्षस दिसला की त्या शांतपणे त्याच्या अंगावर चालून जायच्या. गदेचा घाव बसला की म्हणायच्या, "मार, मार. तुझ्यापेक्षा जबर नातेवाईक पाहिले मी वॉर्डात." दादा आणि मी घाबरून मागे सरलो की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "श्वास चालू आहे ना? मंग घाबरायचं काम नाही." हे वाक्य त्या दवाखान्यातही म्हणत असणार, कारण ते ऐकलं की खरंच धीर यायचा.

मशीनची सिस्टर मात्र अगदीच बिनकामाची. इकडे वहिनी मरायला टेकलेल्या आणि ही दादाच्या नखाला झालेल्या ओरखड्यावर फुंकर घालते आहे. दादा चिडायचा. वहिनी म्हणायच्या, "या पोरीची ड्युटी कोणं लावली जी?" मग थोड्या वेळाने, जरा वेगळ्या आवाजात, "दमली असन बिचारी. एकटीच आहे ना सकाळपासून."

मी थकले असं मात्र वहिनी कधी म्हणाल्या नाहीत. फार झालं तर "पाय बोलून राहिले" म्हणायच्या आणि पाय भिंतीला टेकवून पडायच्या. एकदा वरणाची वाटी हातात धरून त्या बसल्या बसल्या झोपल्या. वाटी सांडली नाही. ती काढून घ्यावी असं मला वाटलं, पण त्या जाग्या होतील म्हणून घेतली नाही.

अशात त्यांची सरकारी नोकरीत निवड झाली. लग्नाआधीपासून त्या ही परीक्षा देत होत्या, दर वेळी थोडक्यात हुकायची. या वेळी लागली. नेमणूक गडचिरोलीकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात. चहाच्या वेळी त्यांनी सांगितलं. दादा "वा" म्हणाला, मनापासून म्हणाला. मग त्याची नजर पुढच्या खोलीकडे गेली. "पण बाबाचं कसं करायचं वं?"

आम्ही दोघे भाऊ कुणाला "नाही" म्हणत नाही. आम्ही "पाहू" म्हणतो. दादा तेच म्हणाला. मीही मान हलवली. वहिनींनी कप विसळायला घेतले आणि पाठ फिरवूनच बोलल्या, "मी परवानगी नाही मागत. माझा रिलीव्हर कोण, तेवढं सांगा. मी खुर्ची सोडून पळणारी नाही."

हा नियम दादाइतका कुणाला ठाऊक होता? रुजू व्हायची तारीख जवळ येत होती आणि घरात तिच्याबद्दल कुणी अक्षर काढत नव्हतं. वहिनी ड्युटीला जात होत्या, बाबांना भरवत होत्या, दुपारी ढाल घेऊन बसत होत्या. फक्त ओठ घट्ट मिटलेले असत.

त्या रविवारी आम्ही ड्रॅगनपर्यंत पोहोचलो आणि हरलो. पुन्हा गेलो, पुन्हा हरलो. दर वेळी मशीनची सिस्टर भलत्याच्याच मागे धावे, वहिनी पडत आणि मग आमचा निकाल लागे. शेवटी दादा वैतागला.

"छाया, एकदा तू सिस्टर हो. एकदाच. ड्रॅगन मरते मंग."

वहिनींनी रिमोट मांडीवर ठेवला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"एकदाच, एकदाच करत लग्नाले इतके वर्षं झाले," त्या म्हणाल्या. "नाही होणार."

मला ते असह्य झालं, म्हणून मी म्हणालो, "तिरंदाज मशीनला द्या. मी होतो सिस्टर." दादाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी साडी नेसायला निघालो होतो.

सिस्टर होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. तिला लढाई नसतेच. पडद्याच्या कोपऱ्यात प्रत्येकाच्या जिवाची एक लाल पट्टी असते, तिच्यावर नजर ठेवायची. वहिनींची पट्टी घसरली, भर. दादाची घसरली, भर. तोवर वहिनींची पुन्हा घसरलेली. श्वास घ्यायलाही सवड नाही. अचानक दादा ओरडला आणि मी वर पाहिलं तेव्हा धूर होता, वाजंत्री होती, ड्रॅगन मेलेला होता. दादाने माझ्या पाठीत थाप मारली.

वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. "भाऊजी, त्याचा डावा डोळा पाहिला का?"

"कुणाचा?"

"ड्रॅगनचा."

मी पाहिला नव्हता. डोळा सोडा, तो हिरवा होता की काळा तेही मला सांगता आलं नसतं.

"मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "सिस्टरले ड्रॅगन दिसत नाही जी. तिले पट्ट्याच दिसते." दादाकडे न पाहता त्या पुढे म्हणाल्या, "माझं बी तसंच आहे. या घरी आली तवापासून कोणाले काय पायजे, तेच पाहून राहिली. परवा ड्युटीवर एका पेशंटनं विचारलं, सिस्टर, तुमच्या घरासमोर झाड कोणतं? मले सांगता नाही आलं."

कडुनिंब आहे. लहानपणी दादा आणि मी त्याच्यावरून पडलो आहोत. मला फार वाईट वाटलं, आणि दादालाही वाटलं असावं, कारण त्याने टीव्ही बंद केला.

तेवढ्यात बाबा खोकले. वहिनींचा हात आपोआप घड्याळाकडे गेला. मी म्हणालो, "वहिनी, ओव्हर द्या."

दवाखान्यात ड्युटी संपताना नर्स पुढच्या नर्सला प्रत्येक पेशंटजवळ उभी राहून त्याचं सगळं समजावून देते, त्याला ओव्हर देणं म्हणतात. वहिनींच्या तोंडून मी ते शेकडो वेळा ऐकलं होतं. त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"चेष्टा करून राहिले का जी?"

"नाही."

"खुर्चीत बसावं लागते. उठता येत नाही."

"बसतो."

बाबांच्या खाटेजवळ त्या ताठ उभ्या राहिल्या, वॉर्डात उभ्या राहत असतील तशा. मी लिहून घ्यायला कागद शोधू लागलो तर म्हणाल्या, "लिहू नका. हात द्या." माझा तळहात त्यांनी बाबांच्या कमरेच्या हाडावर ठेवला. "इथं लाल झालं की समजजा, कूस बदलायले उशीर झाला. घास उजव्या गालात देजा, डाव्यात राहून जाते. पाणी बसवूनच. अन् बाबा शिव्या देतील तुम्हाले. तो राग नाही जी, त्यांले शब्द सापडत नाही. थांबून राहजा, सापडते मंग."

बाबा सगळं ऐकत होते. आम्ही थांबलो. बऱ्याच वेळाने त्यांनी वाकड्या तोंडाने वहिनींकडे पाहून एकच शब्द काढला, "जा."

वहिनी मान फिरवून पावडरचा डबा शोधू लागल्या. डबा त्यांच्या हातातच होता. दारात उभा असलेला दादा म्हणाला, "सकाळचं मी पाहीन. शिफ्ट बदलून घेतो."

वहिनी गेल्या. त्यानंतर घर काही सोन्याचं झालं नाही. सकाळी बाजार, दुपारपासून बाबा. माझी कंबर धरली, झोप तुटली, एकदा मी बाबांवर इतका ओरडलो की नंतर मलाच जेवण गेलं नाही. वहिनींना फोन केला. पलीकडून वॉर्डातला गलका ऐकू येत होता. "श्वास चालू आहे ना दोघायचा?" त्यांनी विचारलं. "मंग घाबरायचं काम नाही."

होळीच्या सुट्टीत त्या आल्या तेव्हा उन्हाने रापल्या होत्या आणि थोड्या भरल्या होत्या. आल्या आल्या सांगितलं, "माझ्या खोलीसमोर मोहाचं झाड आहे." बाबा खोकले. त्या अर्ध्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. "तुमची ड्युटी आहे जी." मी जाऊन बाबांना बसवलं, पाणी दिलं, कूस बदलली. परत आलो तेव्हा त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. किती वेळ पाहिलं कोण जाणे.

"झोपले?"

"झोपले."

"मंग घड्याळ काढा."

मी घड्याळ काढून टीव्हीशेजारी पालथं ठेवलं. वहिनींनी माझ्या हातातला रिमोट घेतला, काहीतरी निवडलं आणि स्वतःचा मला दिला. "ढाल तुम्ही घ्या. आज सिस्टर मी."

दादाने आ वासला. "तू?"

"माझी सुट्टी आहे," वहिनी म्हणाल्या. "सुट्टीत काय करायचं ते मी ठरवीन."

ड्रॅगनपुढे मी ढाल घेऊन उभा राहिलो आणि यथेच्छ मार खाल्ला. पण दर वेळी पडायच्या आधीच माझी पट्टी भरलेली असायची, मला कळायचंही नाही. मग मी वर पाहिलं. तो काळा नव्हता, हिरवाही नव्हता. राखेच्या रंगाचा, म्हातारा, खवले झडलेला. त्याचा डावा डोळा पांढरा होता, पार गेलेला. मी तलवार चालवायची विसरून बघत राहिलो.

"दिसला का जी?" वहिनींनी विचारलं. त्यांची नजर कोपऱ्यातल्या पट्ट्यांवरच होती.

"दिसला."

"मंग पाहून घ्या नीट. मी आहो मागं."