भरीव फ्यूज

भोसरीच्या खोलीत आता मी एकटाच असतो. बायको गेली. मुलगा मारुंजीला राहतो, रविवारी फोन करतो. त्याच्याकडे जायचं म्हणून सामान आवरायला घेतलं, तर माळ्यावर वडिलांचा फ्यूज दिसला. तोफगोळ्याच्या टोकाला बसतो तो, पितळी, मुठीएवढा. त्यावर ना नंबर, ना शिक्का.

वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात टर्नर होते. तिथलं घरी सांगायला बंदी, आणि मी मात्र त्यांच्या खनपटीला बसायचो. कारखाना सोडून ते भोसरीतल्या एका वर्कशॉपला लागले आणि एक दिवस हा घेऊन आले. "बघ, असले फ्यूज बनवायचो मी." त्याच आठवड्यात घरातली लाइट गेली, तेव्हा मी तो त्यांच्या हातात ठेवला. म्हटलं, "हा बसवा." ते पोट धरून हसले होते.

पुढे आळीत कुजबुज सुरू झाली, की चोरून आणलाय, म्हणूनच नोकरी गेली. विशीत होतो, डोकं गरम. तोंडावर विचारलं, "चोरलात ना?" ते काही बोलले नाहीत. फ्यूज माळ्यावर गेला. मग ते जाईपर्यंत आम्ही कामापुरतंच बोललो. फ्यूजला मी पुन्हा हात लावला नाही.

मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, आधी पोलिसांना कळवा." बॉम्बशोधक पथकातले दोघं आले. यंत्र लावून पाहिलं, आणि एकाने तो सरळ माझ्या तळहातावर ठेवला.

"काका, ह्यो फ्यूज न्हाईच. खरा आतून पोकळ असतो, वर शिक्के असत्यात. ह्यो भरीव हाय. कुणीतरी हौसेनं लेथवर काढलाय. तुमी काय काम करत हुता?"

"टर्नर होतो," मी म्हणालो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पस्तीस वर्षं पितळ कापलं मी. एकदा उचलला असता, तर वजनावरूनच कळलं असतं.

ते गेल्यावर कडांवरून बोट फिरवलं. प्रत्येक कड कानशीनं घासलेली, टोकसुद्धा गोल केलेलं. पोराच्या हाताला लागू नये म्हणून. मला माफी मागायची होती, आणि ऐकायला कुणी उरलं नव्हतं.

मुलाचा फोन आला. "काय निघालं?"

"खेळणं," मी म्हणालो. "तुझ्या आजोबांनी केलेलं."

"बरं झालं. मग टाकून द्या की, बाबा. इथे जागा कुठे आहे?"

मी काही बोललो नाही.