उलटा ठेवलेला डबा

मावशी रोज सकाळी चहाच्याही आधी फ्रिजमधून रिकोटा चीजचा डबा काढायच्या, सुटलेलं पाणी ओतून टाकायच्या, वास घ्यायच्या आणि झाकण घट्ट लावून, आत हवा शिरू नये म्हणून, डबा पुन्हा उलटा ठेवायच्या.

एकतीस वर्षं त्यांनी डेअरीत निवळी तापवली होती. चीज काढून उरलेलं ते हिरवट पाणी तापलं, की वर पांढरे मऊ कण तरंगून येत. ते झाऱ्याने अलगद उचलायचे, कापडात निथळू द्यायचे, की झाला रिकोटा. पिळायचे मात्र नाहीत. "पिळलंस तर रबर चावत बसशील, बाई," असं त्या नव्या मुलींना बजावत. निवृत्तीनंतरही डेअरीतून दर आठवड्याला निवळीचा कॅन घरी येई. एकट्या बाईला एवढी कशाला, असं विचारायलाही घरात कुणी नव्हतं.

धाकटा भाऊ ट्रकवर होता. गुरुवारी त्याचा फोन यायचा, "ताई, रविवारी येतो." शुक्रवारी मावशी रिकोटा करत. रविवार निघून जाई. मंगळवारी, आंबट व्हायच्या आत, त्या तो अंड्यात फेटून तव्यावर टाकत आणि ओट्याशी उभ्यानेच खात.

"अगं, फ्रीजरमध्ये टाक की," एकदा तो म्हणाला. "आलो की खाईन."

"गोठला की भुसा होतो त्याचा."

"मला चालेल भुसा. मी काय परीक्षक लागून गेलोय?"

"तुला चालेल रे. पण मग तुला यायची घाईच उरायची नाही."

तो खो खो हसला. मावशी हसल्या नाहीत.

पुढे एका शनिवारी सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. खालच्या मजल्यावरच्या, शिवणकाम करणाऱ्या शेजारणीने गाडी बोलावली. गाडी दाराशी आली, तरी मावशी फ्रिजपाशीच. डबा त्यांनी फ्रीजरमध्ये सरकवला, क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग बाहेर काढून, पाणी ओतून, खालच्या कप्प्यात नेहमीच्या जागी ठेवला.

"आता डबे कसले हलवताय? चला आधी!" शेजारीण ओरडली.

संध्याकाळी मावशी गेल्या. रविवारी भाऊ आला. शेजारणीने डबा त्याच्यापुढे ठेवला आणि जिन्यात किल्ली देताना मावशी बोलल्या होत्या, ते जसंच्या तसं सांगितलं:

"मंगळवारपर्यंत चांगला राहील. तो आला तर त्याला दे, नाही आला तर तू खा. आणि डबा उलटाच ठेव हं."